किडे दिव्यावर का येतात, याचा ठराव

कल्पना करा, की तुम्ही एक पतंग आहात. दोरीचा, कागदाचा नव्हे. पंखांचा, राखाडी रंगाचा, दिसायला अगदी बेताचा. संध्याकाळ सरली आहे, हवा उबदार आहे आणि तुम्ही आपल्या कामाला निघाला आहात. पतंगाला कसलं आलंय काम, असं म्हणू नका. तुम्ही खेळायला निघालात की मोठी माणसंही हेच म्हणतात. तर तुम्ही एक भिंत ओलांडता आणि समोर एकाएकी पांढराफटक सूर्य. तुमची वाट गेली, काम गेलं, आणि तुम्ही गरगर फिरायला लागलात. खाली कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे आहेत आणि म्हणताहेत, "याला म्हणतात उजेड."

झाली कल्पना? आता पतंग होणं सोडा आणि ते गृहस्थ व्हा. हे जरा अवघड आहे. पतंगाला नुसतं उडायचं असतं. या गृहस्थांना त्याच वेळी आपला रुबाबही सांभाळायचा होता.

इमारतीत त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. शहराच्या पथदिवे विभागात त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. 'आमच्या रस्त्यावरचा दिवा लागत नाही' अशी तक्रार आली, की ती कुठल्या कप्प्यात सारायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. मान वर करून दिव्याकडे बघण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नाही. तक्रारी टेबलावर येत, दिवे खांबावर असत, आणि दोघांची गाठ पडू नये अशीच त्या कचेरीची रचना होती. साहेबांनी त्यांना कधी कशावर मत विचारलं नाही. मतं विचारायला दुसरी माणसं होती. कुणाचा चहा बिनसाखरेचा, हे दिवेकाकांना विचारत.

म्हणून निवृत्तीनंतर इमारतीच्या रहिवासी समितीनं त्यांना चिटणीस म्हणून निवडलं, तेव्हा ते घरी येऊन बराच वेळ खुर्चीत नुसते बसून राहिले. मग काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, "लोक मला विचारतात आता." काकूंनी त्या दिवसापासून त्यांचे शर्ट जरा जास्त काळजीनं इस्त्री करायला घेतले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे.

त्यांच्या आधीचे चिटणीस पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या कारकिर्दीत इमारतीत काहीही झालं नाही, आणि हीच त्यांची कामगिरी. निवडणूक हरल्यावर त्यांनी दिवेकाकांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि जिन्यात कुणाला तरी म्हणाले, "बघू या, हे काय उजेड पाडतात." त्या इमारतीत जिन्यात बोललेलं वाक्य माणसाच्या आधी घरी पोचायचं. दिवेकाकांच्या डोक्यात किडा शिरला तो तिथं.

उजेड पाडायला जागाही होती. अंगणात संध्याकाळनंतर मिट्ट काळोख असे. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांचा एक रुग्ण दात काढून घेऊन बाहेर पडला, कुंडीला अडखळला आणि दुसरा दात जागच्या जागी पाडून बसला. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. तो दात त्यांच्या हातून जायचा होता. दिवेकाकांनी लगेच ठराव मांडला. ठराव लिहिणं ही त्यांची एकमेव कला. 'अंगणात पुरेसा प्रखर दिवा बसवण्यात यावा, व तो सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणत्याही सबबीवर बंद करण्यात येऊ नये.' 'कोणत्याही सबबीवर' हे शब्द वाचताना त्यांचा आवाज किंचित चढला होता. समितीचा नियम असा, की झालेला ठराव दुसऱ्या ठरावानंच बदलायचा आणि त्यासाठी रीतसर सभा बोलवायची. हा नियम जुन्या चिटणिसांनी केला होता. काही होऊच नये म्हणून केलेले नियम, काही झाल्यावर ते निस्तरूही देत नाहीत.

वायरमननं दिव्याचं खोकं उघडलं आणि तो जरा मागे सरकला. "काका, हा फोकस मैदानातला आहे. इथं विमान उतरणार आहे का?"

"तू बसव."

"बसवतो. मला काय. उद्या गॉगल घालून येतो."

पहिली संध्याकाळ दिवेकाकांच्या आयुष्यातली सर्वांत उजळ संध्याकाळ होती. अंगणातली प्रत्येक कुंडी दिसत होती, प्रत्येक कुंडीतला कचरा दिसत होता, आणि अंधारात आजवर कसं छान दिसत होतं हेही दिसत होतं. दुसऱ्या संध्याकाळी किडे आले. पतंग, भुंगे, तुडतुडे, पंख फुटलेल्या मुंग्या, काडीसारखे लांब पायांचे, हिरवे नाजूक. आधी पाहुण्यांसारखे आले, मग भाडेकरूंसारखे राहिले. त्यांच्यामागून पाली आल्या आणि भिंतीवर पंगत मांडून बसल्या. दिवेकाका कधी नाकावर माशी बसू देत नसत. आता माशी सोडून बाकी सगळे बसत होते.

दातांचे डॉक्टर वर आले. "काका, माझ्याकडच्या माणसाला तोंड उघडं ठेवावं लागतं हो."

"खिडकी बंद ठेवा ना."

"ठेवली. फटीतून येतात. काल एकानं विचारलं, दात भरताना काय भरलंत म्हणून."

याच दिवसांत दिवेकाकांची नात सुट्टीला आली. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आल्या संध्याकाळी तिनं गॅलरीतून खाली बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हे किडे दिव्यावर का येतात?"

"उजेड आवडतो त्यांना."

"मग दिवसा का लपून बसतात?"

दिवेकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्यातून पलीकडे उत्तर दिसेना. "बघून सांगतो," ते म्हणाले. कचेरीत हे वाक्य त्यांनी हजारो वेळा वापरलं होतं आणि त्यानंतर कधीही काही बघितलं नव्हतं.

"माहीत नाही म्हणून सांगा की तिला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पण दिव्यांच्या खात्यातला माणूस, वर समितीचा चिटणीस, दिव्याबद्दल असं कसं सांगणार? आणि भिंगरी तर त्यांच्याकडे अशी बघत होती, की जगातले सगळे दिवे आजोबांनीच लावले असावेत.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. मुलांनो, मोठ्या माणसांना एखादी गोष्ट माहीत नसली की ती गप्प बसतात, असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्या. डॉक्टर म्हणाले, किड्यांना ऊब हवी असते. दिव्याला ओलं फडकं गुंडाळा. चौथ्या मजल्यावर एक कवी राहत. ते म्हणाले, हे प्रेम आहे, आणि प्रेमाला इलाज नाही. जुने चिटणीस म्हणाले, "किडे उजेडावर येत नाहीत, उधळपट्टीवर येतात. माझ्या वेळी आले होते का?" आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, की किडे चंद्राकडे बघून वाट शोधतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात. अध्यक्षबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि आपण निवृत्त झालो आहोत हे त्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

एवढी कारणं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं अंगणात जाऊन किड्यांकडे बघितलं असतं. समितीनं सभा बोलावली. खिडक्या लावून, पडदे ओढून, पंख्याखाली बसून किडे दिव्यावर का येतात यावर मतदान झालं. ऊब पडली, प्रेमाला एकच मत मिळालं आणि तेही कवींचं स्वतःचं. चंद्र घसघशीत बहुमतानं निवडून आला.

भिंगरी दाराशी उभी होती. "पण ते चंद्रावर आपटतात का?" तिनं विचारलं. "दिव्याभोवती गोल गोल फिरतात. चंद्राभोवती कुणी गोल फिरत नाही."

"बाळ," अध्यक्षबाई म्हणाल्या, "मुलांना मत नसतं."

"मी मत नाही दिलं. मी विचारलं."

"विचारायचं असेल तर हात वर करून."

भिंगरीनं हात वर केला. तोवर सभा संपली होती.

आता कारण बहुमतानं ठरलं होतं, तेव्हा उपायही त्याला धरूनच हवा. दिव्यात चंद्राशी साम्य उरू नये म्हणून दिवेकाकांनी त्याच्यावर निळा जिलेटिन कागद चिकटवला. निळा चंद्र कुणी पाहिलाय? युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो किड्यांपर्यंत पोचला नाही. निळ्या उजेडात अंगण मत्स्यालयासारखं दिसू लागलं, आणि त्या उजेडावर झेपावणाऱ्यांची गर्दी जराही हटली नाही. दातांच्या डॉक्टरांकडे आलेल्या एका बाईंनी आरशात आपले निळे दात पाहिले आणि त्या पर्स विसरून निघून गेल्या. डॉक्टरांनी पर्स आणि तक्रार दोन्ही दिवेकाकांकडे आणून दिल्या.

मग दिवेकाकांना दुसरी कल्पना सुचली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी होती. किड्यांना चंद्रच हवा आहे ना? मग मागच्या भिंतीपलीकडे, कचराकुंडीपाशी, त्यांना एक खास चंद्र लावून देऊ. सगळे तिकडे जातील. जादा दिव्याला पथदिवे विभागाची परवानगी लागते, म्हणून ते मोठ्या उत्साहानं आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. त्यानं अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"अंगणाच्या मागे म्हणजे पथ नाही. पथ नाही तर पथदिवा नाही. आणि पथदिवा नसेल तर आम्ही परवानगी देऊ शकत नाही."

"मग परवानगीशिवाय लावू?"

"तसा लावता येणार नाही. परवानगी लागते."

"हा काय नियम झाला? कुणी केला हा?"

तरुणानं कपाटातून एक जुनं परिपत्रक काढलं, शेवटचं पान उलटलं आणि अदबीनं म्हणाला, "मसुदा तुमचाच आहे, काका. भाषा फार सुंदर आहे. आम्ही अजून नवीन माणसांना वाचून दाखवतो." मग त्यानं त्यांना चहा पाजला. बिनसाखरेचा. तो दुसऱ्याच कुणासाठीचा होता, पण त्यांनी प्यायला.

दिवेकाका परत आले तेव्हा जुन्या चिटणिसांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. येत्या शनिवारी संध्याकाळी चिटणिसांवर अविश्वासाचा ठराव. सभा अंगणातच घ्यायची, म्हणजे सभासदांना कर्तृत्व डोळ्यांनी बघता येईल. ही सूचना जुन्या चिटणिसांची.

त्या दिवशी दिवेकाका जेवले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "गेलं पद तर गेलं. पगार थोडाच आहे त्याला."

"पगाराचं कोण बोलतंय?" दिवेकाका म्हणाले. काकूंना ते खुर्चीत नुसते बसून राहिले होते ती संध्याकाळ आठवत होती.

इकडे भिंगरी रोज संध्याकाळी अंगणात जाऊन पाठीवर झोपत होती. तासन् तास. एका जागी. इमारतीत याची काळजी पसरली. मुलीला ताप आहे का, असं दोघांनी विचारलं. एकदा ती वर पळत आली. "आजोबा, ते दिव्याकडे येतच नाहीत. म्हणजे येतात, पण तोंड करून नाही. ते दिव्याकडे पाठ वळवतात. तुम्ही चला ना, दाखवते."

"आत्ता नको, राणी. मी विचार करतोय."

आणि खरंच, ते बसून विचार करत होते. किड्यांविषयी विचार करायला किडे लागतात, हे अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शनिवारी दुपारी त्यांचा विचार पूर्ण झाला. दुसरा दिवा लावता येत नाही. आहे तो विझवता येत नाही, ठराव आहे. पण आहे तो हलवू नये, असं ठरावात कुठं म्हटलंय? आणि चंद्र कुठं असतो? वर. खाली जमिनीवर पडलेला चंद्र कुणी, अगदी किड्यानं तरी, पाहिलाय का? दिवा खांबावरून काढायचा, त्याचा निळा कागद सोलायचा आणि अंगणाच्या मधोमध, तोंड वर करून, जमिनीवर ठेवायचा. त्याला चंद्र समजणारा किडा जन्माला यायचा होता.

"उताणा ठेवायचा?" वायरमननं दोनदा विचारलं.

"उताणा."

"ठीक आहे. सभा उठेपर्यंत मी कोपऱ्यात थांबतो. वायरिंगसाठी नाही. बघायला."

संध्याकाळी खुर्च्या मांडल्या गेल्या, दिव्याभोवती गोल. शेकोटीभोवती बसावं तसे सभासद बसले. खालून पडलेल्या उजेडात प्रत्येकाची हनुवटी चकाकत होती आणि डोळे खोबणीत गेले होते. नेहमीची ओळखीची माणसं एकदम गुन्हेगार दिसत होती. काकूंनी चहा फिरवला. अंधार पडत आला. पहिली काही मिनिटं एकही किडा आला नाही आणि दिवेकाकांनी पायावर पाय टाकला. त्यांनी तो टाकला तोच काहीतरी वरून टप्पकन अध्यक्षबाईंच्या बशीत पडलं.

भुंगा होता. उताणा. पाय हलवत होता.

मग दुसरा पडला. मग पतंग. मग एकदम पाऊसच. दिव्यावरून उडत येणारा प्रत्येक किडा मध्यावर आला की हवेतल्या हवेत उलटा होत होता आणि दगडासारखा खाली येत होता. चहात पडत होते, केसांत पडत होते, कवींच्या खिशात पडत होते. जुने चिटणीस भाषणाला उभे राहिले होते. "सभासद हो, माझ्या काळात..." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलं, आणि शब्दाच्या जागी एक तुडतुडा आत गेला. दातांच्या डॉक्टरांनी व्यावसायिक सवयीनं त्यांना "आ करा" म्हटलं. मग खुर्च्या पडल्या, कप पडले आणि सगळी समिती जिन्यात जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली. अध्यक्षबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता आणि पदरात एक नाकतोडा होता.

अंगणाच्या मधोमध दोघंच उरली. भिंगरी, दिव्यापासून जरा अंतरावर पाठीवर झोपलेली. आणि दिवेकाका, उभे, इस्त्रीच्या शर्टावर पंखांची पूड.

"आजोबा," ती म्हणाली, "आता तरी बघा ना."

दिवेकाकांनी जिन्याकडे बघितलं. तिथून सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी शर्टाकडे बघितलं. मग ते एक गुडघा टेकून, दुसरा टेकून, कुरकुरत फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उजेडाच्या दिशेनं मान करून डोळे उघडे ठेवले.

"तो बघा, मोठा पतंग. सरळ येतोय. आता दिव्याच्या वर आला. बघा, बघा."

पतंग सरळ येत होता. दिव्याच्या वर आला आणि कुशीवर वळावं तसा वळला. पाठ खाली दिव्याकडे, पोट वर आकाशाकडे. आणि पंख फडफडवतच खाली आला.

"त्यानं पाठ केली," दिवेकाका पुटपुटले.

"सगळे करतात. दिवा वर खांबावर होता ना, तेव्हा बाजूनं जाणारा किडा तिरका व्हायचा, पाठ दिव्याकडे. तिरकं होऊन उडलं की वळायलाच होतं. मग पुन्हा तिरका, पुन्हा वळला. म्हणून गोल गोल. सुटताच येत नाही त्याला."

दिवेकाका पडल्या पडल्या विचार करू लागले, आणि या वेळी समोर किडे होते. "पण पाठच का?"

"त्याचा मी पण विचार केला. आपल्याला खाली कुठं ते पायांना कळतं. उडताना पाय टेकत नाहीत. काळोखात वर कुठं हे कसं कळणार?" तिनं बोट वर केलं. छपरांच्या कडा काळ्या होत्या आणि त्यांच्यावरचं आकाश, दिवस मावळून गेला तरी, त्यांच्याहून उजळ होतं. "उजेड असेल ते वर. तिकडे पाठ ठेवायची, म्हणजे सरळ जाता येतं. असं असेल बहुतेक."

"आणि आम्ही उजेड खाली ठेवला."

"हो. त्यांना वाटतं, खाली म्हणजेच वर."

दिवेकाकांनी आणखी एक पडताना पाहिला. म्हणजे हे बिचारे चंद्राला भुलले नव्हते, उबेला नाही, प्रेमाला तर नाहीच. त्यांना कुठं यायचंच नव्हतं. ते आपल्या कामाला निघाले होते आणि कुणीतरी त्यांचं आकाश उचलून भलत्या जागी ठेवलं होतं. ठराव करून.

जिन्यातून अध्यक्षबाईंचा आवाज आला. "चिटणीस, मुलगी काय म्हणते आहे ते आम्ही ऐकलं. मुद्दा पटण्यासारखा आहे. चंद्राचं नुसतं मतदान झालं होतं, लेखी ठराव नव्हता, तेव्हा आत्ताच पाठीचा ठराव घेऊ. कोण अनुकूल?"

जिन्यातल्या जिन्यात सगळे हात वर गेले. जागा नव्हती, म्हणून एकमेकांच्या नाकावरून गेले. एकानंही पाऊल बाहेर टाकलं नव्हतं.

जुने चिटणीस सभा जिंकायची कशी हे जाणत नसतील, पण ती कुठल्या बाजूला झुकली हे त्यांना बरोबर कळे. घसा साफ करून ते म्हणाले, "हे आपल्या चिटणिसांनी प्रयोग करून शोधून काढलं, असं इतिवृत्तात लिहून टाकू. दिवा त्यांनी मुद्दाम उताणा ठेवला होता, प्रयोगासाठी. मग अविश्वासाचं काही कारण राहत नाही. इमारतीची अब्रूही राहील. काय काका?"

जिन्यातून संमतीची कुजबुज झाली. दिवेकाका उठून बसले. खूप वर्षांनी, खरं तर पहिल्यांदाच, एवढी माणसं त्यांच्या एका शब्दासाठी थांबली होती. 'हो' म्हटलं की पद राहत होतं. उद्या सकाळी कुणीतरी जिन्यात थांबवून विचारणार होतं, काका, तुमचं मत काय? जिन्यातून काकू हातात रिकामा ट्रे घेऊन त्यांच्याकडे बघत होत्या. भिंगरी बघत नव्हती. ती वर बघत होती; एक हिरवा किडा येत होता.

"मी नाही शोधलं," दिवेकाका म्हणाले. "हिनं बघितलं. मी आत्ता तिच्याबरोबर दोन-चार पाहिले, तेवढ्यांनी पाठ केली. बाकीचे तसंच करतात का, आणि का करतात, ते मला माहीत नाही."

जिन्यात कुणीतरी शिंकलं.

"माहीत नाही?" अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या शाळेत या उत्तराला बाकावर उभं राहावं लागे. "आत्ताच एकमतानं ठराव झाला, आणि चिटणीस म्हणतात माहीत नाही?"

"बघायला हवं," दिवेकाका म्हणाले. "तुम्हीही या. फरशी गार आहे, बरं वाटतं."

कुणी आलं नाही. अविश्वासाचा ठराव तिथल्या तिथं मांडला गेला आणि मंजूर झाला. विरोधात कवी होते, पण त्यांचा हात खिशातला भुंगा काढण्यात अडकला होता. जुने चिटणीस नवे चिटणीस झाले. अधिकार हाती येताच त्यांनी पहिली आज्ञा दिली, की तो दिवा विझवा. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की दिवा कोणत्याही सबबीवर विझवायचा नाही असा ठराव आहे, आणि तो बदलायला रीतसर सूचना देऊन नवी सभा बोलवायला हवी. वायरमन कोपऱ्यात भिंतीला टेकून हसत होता. दिवा जळत राहिला.

काकू दिवेकाकांपाशी आल्या. त्यांच्या शर्टाची दशा बघितली आणि म्हणाल्या, "राहू दे. भिजत घालते उद्या." मग ट्रे खाली ठेवून त्याही फरशीवर बसल्या.

"कुठं बघायचं?" त्यांनी विचारलं.

पण भिंगरी आता तिथं नव्हती. ती उठून जिन्याकडे गेली होती. पहिल्या पायरीवर अध्यक्षबाई उभ्या होत्या, सभा संपली असं जाहीर करायच्या बेतात.

"तुम्ही हात वर केलात," भिंगरी त्यांना म्हणाली, "पण बघितलं कुठं?"

आणि तिनं तोच हात धरला. बाई जागच्या हलेनात. मग तिनं दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली.